हात पुढे

(स्नेहमेळाव्यातील ‘माझा छंद’ या सत्रात केलेलं भाषण)



आपला पंचवीस वर्षांचा मेळावा लॉकडाउनमुळे राहिला, तो आज चार वर्षं उशिराने होतोय. निमंत्रणासाठी फोन आला तेव्हा संयोजकांनी मला सांगितलं, ‘तुझ्या छंदावर दहा मिनिटं बोल, कॉम्प्युटरवर बोलू नकोस, झोप येते.’ म्हणून कॉम्प्युटरवर बोलत नाही. बैलगाड्यांच्या फोटोंवर बोलते.

मागच्या भिंतीवर मी काढलेले अकरा फोटो लावलेत. दहा फोटोंखाली काही लिहिलेलं नाही, ते बघितले की कळतात. अकराव्या फोटोची गोष्ट सांगायची आहे. त्या गोष्टीतला मुख्य माणूस आपल्याच वर्गातला आहे आणि आज इथे बसलेला आहे. मी त्याला विचारलं, सांगू का? तो म्हणाला, ‘नाव घेऊ नको, गावाचं पण घेऊ नको, बाकी सगळं सांग.’ तेव्हा कोणी मागे वळून शोधू नका. आणि ज्यांनी आधीच ओळखलंय त्यांनी हसू नका.

आधी थोडं मागे जाते. पौष पौर्णिमेला कोरठणच्या खंडोबाची यात्रा असायची, तेव्हा आपल्या वर्गात निम्मी मुलं गैरहजर. दुसऱ्या दिवशी पी. टी. चे सर विचारायचे, ‘कुठं होता?’ आणि खाली मान घालून एकच उत्तर यायचं, ‘गाडे बघायला, सर.’ मुलींना हा प्रश्न कधी आला नाही. आम्ही यात्रेत बांगड्या आणि भेळेपर्यंत जायचो. घाट आम्हाला फक्त ऐकू यायचा. लांबून तो माइकवरचा आवाज, मग एकदम ‘भिर्रर्र’, मग आरडाओरडा, मग पुन्हा शांत. माझ्यासाठी बैलगाडा शर्यत म्हणजे कितीतरी वर्षं एक आवाज होता.

आपल्यातले जे लग्न होऊन, नोकरी लागून लांब गेले त्यांच्या मुलांसाठी एवढं सांगते. सातारा-सांगलीकडे शर्यत सपाट रानात होते, छकड्यावर हाकणारा बसतो, गाड्या शेजारी शेजारी पळतात. आपल्याकडे, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर आणि आपलं पारनेर या पट्ट्यात, चढाचा घाट असतो. एका वेळी एकच गाडा. चार बैल, त्यातली एक जोडी धुरेला आणि एक पुढे, आणि त्यांच्याही पुढे घोडी पळवणारा एक स्वार. गाड्यावर कोणी बसत नाही. खाली जुपणीला माणसं बैल धरून उभी असतात, ती एका क्षणी सोडतात, आणि पुढे जे होतं ते बैल आणि घड्याळ यांच्यात होतं. वर निशाण पडलं की सेकंद जाहीर होतात. साधारण बारा-तेरा सेकंदांत सगळं संपतं. वर्षभराचा खुराक, दूध, अंडी, मालिश, सगळं त्या बारा-तेरा सेकंदांसाठी.

आता एक कबुली. २०१४ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने जल्लीकट्टूबरोबर आपल्या बैलगाडा शर्यतीही बंद केल्या, तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये बंदीच्या बाजूने तावातावाने भांडले होते. त्या निकालात जनावरांनाही मान असतो असं म्हटलं होतं आणि मला ते पटलं होतं. समोर शिरूरचा एक सहकारी होता. तो म्हणाला, ‘ताई, तुम्ही कधी घाट बघितलाय का?’ मी म्हटलं, बघायची गरज नाही. हे उत्तर मला पुढे फार छळणार होतं.

कारण त्याच्या दोन वर्षं आधी मी टेक्सासमध्ये एका प्रोजेक्टवर होते. एका शनिवारी ऑफिसच्या लोकांबरोबर फोर्ट वर्थच्या जुन्या गुरांच्या बाजारात रोडिओ बघायला गेले. तिथे बॅरल रेसिंग नावाचा एक खेळ असतो. रिंगणात तीन पिंपं त्रिकोणात ठेवतात. घोडेस्वार एकेक करून येतात, तिन्ही पिंपांना वळसे घालून परत सुसाट बाहेर. पिंप पडलं की पाच सेकंदांचा दंड. वेळ मोजायला विजेचा डोळा. आणि हा खेळ खेळणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका! त्यांनी १९४८ मध्येच टेक्सासमधल्या सॅन अँजेलोत आपली वेगळी संघटना काढली, आपले नियम आपण लिहिले. मी तिथे वेड्यासारखी टाळ्या वाजवत होते. तो घोडा वळताना कुठे दुखावतो का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. म्हणजे परक्याच्या रिंगणात टाळ्या वाजवणारी मी, आपल्या घाटाबद्दल मात्र न बघता निकाल देऊन मोकळी झाले होते.

फोटो काढायचा नाद मला त्याच दिवशी लागला. हातात छोटा कॅमेरा होता. दोन तासांत साठेक फोटो काढले. त्यातल्या चाळिसांत नुसती धूळ, दहात घोड्याची शेपटी, बाकीच्यांत पिंप. कठड्याजवळ एक म्हातारी बाई मोठा कॅमेरा घेऊन उभी होती. माझी धडपड बघून तिला दया आली असावी. ती म्हणाली, घोड्याच्या मागे धावू नकोस. तो कुठे येणार ते तुला माहीत आहे, पिंपापाशी येणारच आहे. तिथे आधीच नजर लावून थांब. घोडा येईल.

एवढं एकच वाक्य. पुढच्या सगळ्या वर्षांत फोटोग्राफीबद्दल यापेक्षा उपयोगी काही मला कोणी सांगितलं नाही.

१६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने आपल्या शर्यतींना परवानगी दिली. जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी घ्यायची, जनावराला इजा होईल असं काही करायचं नाही, अशा अटींवर. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. पुढे १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याचा कायदा कायम केला. मधल्या काळात मी चांगला कॅमेरा घेतला होता आणि पुण्यात पक्ष्यांचे, मॅरेथॉनचे फोटो काढत होते. २०२२ च्या उन्हाळ्यात आपल्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने आपल्या बैलांचा फोटो टाकला. मोबाईलवर काढलेला, हललेला, बैलांचं नुसतं पांढरं पांढरं झालेलं. खाली लिहिलं होतं, ‘आपली जोडी. घाटात दुसरी आली.’ मी विचारलं, मी येऊ का फोटो काढायला? त्याचं उत्तर एका मिनिटात आलं, ‘ये की. पण टोपी आण आणि पांढरे कपडे घालू नको, गुलालात परत धुवून निघत नाहीत.’

हा तोच, मागच्या बाकावरचा. दहावीनंतर शाळा सोडली, शेती धरली. मी इंजिनीअरिंगला गेले. आमच्यात पुढे वीसेक वर्षं बोलणं नव्हतं, भांडण म्हणून नाही, विषय नव्हता म्हणून.

मी पहिल्यांदा घाटावर गेले तेव्हा वरच्या बाजूला निशाणाजवळ फोटोवाल्यांची दाटी होती. गावोगावचे स्टुडिओवाले, मोबाईलवाले, ड्रोनवाला. सगळ्यांना तोच क्षण हवा असतो, गाडा निशाण ओलांडतानाचा, कारण तो फ्लेक्सवर लागतो. मला त्या म्हातारीचं वाक्य आठवलं. घाटात पिंप नाही, गाडा कुठे वळत नाही, कुठे हळू होत नाही. मग नजर कुठे लावून थांबायची? थोडा वेळ बघितल्यावर लक्षात आलं, खाली. जुपणीपाशी. जिथे बैल धरलेले असतात, माणसं चाकांना रेटून उभी असतात आणि मग एका क्षणी सगळे हात सुटतात. तो क्षण कुठे येणार हे पक्कं ठरलेलं असतं.

मी कॅमेरा घेऊन खाली निघाले तर एका वयस्कर माणसाने आडवा हात केला. ‘ताई, इथं बायामाणसं येत नाहीत.’ रागाने नाही म्हणाले, एसटीत पुढची सीट राखीव आहे असं सांगावं तसं सांगितलं. मी थांबले. तेवढ्यात आपला गडी घोडीचा लगाम हातात घेऊन मागून आला आणि म्हणाला, ‘येऊ द्या तात्या. ती माझ्या वर्गातली आहे.’

झालं. त्या दिवसापासून तो माझा पास. गेल्या तीन वर्षांत पारनेर, शिरूर, जुन्नर मिळून पंधरा-वीस घाटांत मी उभी राहिले. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी अडवलं आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या ओळखीचं कोणी म्हणालं, ‘त्यांच्या वर्गातल्या आहेत त्या.’ सर, तुम्ही दिलेल्या दाखल्यांपैकी इतका कुठलाच चालला नाही.

तंत्राचं थोडंसं सांगते, कारण हल्ली सगळ्यांकडेच कॅमेरा असतो. आपले खिल्लारी बैल पांढरे, वर एप्रिलचं ऊन. फ्रेममध्ये सगळं पांढरं भरलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला आणि तो फोटो गढूळ करतो. त्याला समजावून थोडा जास्त प्रकाश घ्यावा लागतो. फार घेतला की त्या हललेल्या फोटोसारखं होतं, अंगावरचा एक स्नायू दिसत नाही. पाय धरायचे असतील तर सेकंदाचा सोळाशेवा भाग लागतो. वेग दाखवायचा असेल तर उलट, साठावा भाग ठेवून कॅमेरा गाड्याबरोबर फिरवायचा, म्हणजे माणसांच्या रेघा होतात आणि बैलाचा डोळा तेवढा स्थिर राहतो. हे पंचवीसात एकदा जमतं. गुलाल आणि भंडाऱ्यासाठी कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर. घाटात लेन्स बदलायची नाही. आणि सगळ्यात पहिला नियम, गाड्यावर कोणी नसतं, म्हणजे तो थांबवणारं कोणी नसतं. आधी आपली पळायची वाट बघून ठेवायची, मग कॅमेरा डोळ्याला लावायचा.

आता अकरावा फोटो. २०२४ चा चैत्र. आपल्या गड्याची बारी दुपारी लागली. मी जुपणीपासून थोडी वर, बाजूच्या बांधावर बसले होते. गाडा सुटला, मी बटण दाबून धरलं, एका सेकंदात दहा फोटो. वर निशाण पडलं, माइकवाला ओरडला, ‘१२ सेकंद २१!’ त्या दिवसाचा पहिला नंबर. गड्याला लोकांनी खांद्यावर घेतलं. त्याने गुलालाने भरलेल्या तोंडाने मला लांबूनच खूण केली, मोठा फोटो हवा, भिंतीएवढा.

रात्री पुण्यात घरी येऊन फोटो लॅपटॉपवर घेतले. अकराशे होते. त्यातला एक बघून मी खुर्चीवरून उठलेच. चारही बैलांचे पुढचे पाय अधांतरी, सगळे हात नुकतेच सुटलेले, गुलाल हवेत थांबलेला, वर घोडीची मान वळलेली. असा फोटो वर्षातून एकदा मिळाला तर नशीब. तो नीट उतरलाय का हे बघायला मी तो मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासते, सवय आहे ती. आमच्या कामात दुसऱ्याचं कोडिंग असंच ओळ न् ओळ वाचावं लागतं.

डाव्या कोपऱ्यात एक हात होता. मुठीत लाकडाचा छोटा तुकडा आणि त्यातून आलेलं खिळ्याचं टोक. पुढच्या फोटोत ते टोक दिसत नव्हतं, पण बैलाच्या मांडीवरची कातडी आक्रसलेली दिसत होती. आपण माशी बसली की बैल कातडी थरथरवतो ते बघतो ना, तशी, पण माशीने होत नाही इतकी. हात कोणाचा ते मनगटावरच्या दोऱ्यावरून कळलं. सकाळी मला चहा आणून देणारा, ‘मावशी, माझा पण एक काढा’ म्हणणारा आपल्या गड्याचा पुतण्या.

मी त्या रात्री काय केलं ते खरं सांगते. मी तो कोपरा कापला. दहा सेकंदांचं काम. हात गेला, खिळा गेला, फोटो होता त्याहून देखणा झाला, कारण बैल मधोमध आले. फाइलला नाव दिलं, ‘पहिला नंबर’, आणि झोपले.

झोप लागली नाही. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. यंत्राने केलेली नोंद पुसायची नाही. गैरसोयीची असली तरी नाही, आपल्या टीमची चूक असली तर मुळीच नाही. नवीन पोरांना मीच हे शिकवते. आणि इथे मी काय करत होते? मी फोटो कापत होते तो बैलासाठी नाही, कायद्यासाठी नाही, तर मला घाटात सोडणारं ते वाक्य टिकावं म्हणून. ‘ती माझ्या वर्गातली आहे.’ दुसरीकडे, हाच फोटो कुठे टाकला असता तर हजारो लोकांनी बघितला असता. दंड, पोलीस, गावाची शर्यत बंद. मुलगा एकोणीस वर्षांचा. आणि कँटीनमधली ती २०१४ ची मी आतून म्हणत होती, बघ, मी म्हणत नव्हते?

शेवटी दोन्ही फोटो छापून घेतले, कापलेला आणि अख्खा, आणि पुढच्या रविवारी त्याच्या घरी गेले.

वहिनींनी चहा ठेवला. मी आधी कापलेला फोटो दिला. घरात सण झाला. मग त्याला म्हटलं, जरा गोठ्याकडे ये. तिथे दुसरा दिला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘सगळेच करतात.’

मी काही बोलले नाही.

मग म्हणाला, ‘तू हा कुठं टाकणार?’ आणि पहिल्यांदा माझ्याशी परक्या माणसाशी बोलावं तसं बोलला.

मी म्हटलं, ‘कुठंच नाही. तुला दाखवायला आणलाय. पण खोटा फोटो तुझ्या भिंतीवर लागावा असं वाटलं नाही.’

आमचं बोलणं ऐकून त्याचे वडील काठी टेकत आले. आबांना मोतीबिंदूमुळे फोटो दिसला नसता. त्यांनी विचारलं काय झालं, कोणीच सांगेना. तेव्हा ते सरळ बैलापाशी गेले आणि त्याच्या अंगावरून हात फिरवायला लागले. मानेवरून, वशिंडावरून, पाठीवरून मांडीवर. एका जागी बोट थांबलं. परत फिरवलं, परत तिथेच थांबलं. खपली होती. म्हणजे जे मी अकराशे फोटो काढून, मोठं करून बघितलं, ते आबांना एका बोटाने कळलं.

तुम्हाला सांगायला हवं, बंदीच्या साडेसात वर्षांत या आबांनी जोडी विकली नव्हती. पळायचं नाही, नांगराला ट्रॅक्टर आलेला, लोक हसायचे, बैल काय पूजेला ठेवलेत का म्हणायचे. दुष्काळात कडबा विकत घेऊन घातला, पण दावण रिकामी केली नाही. हा बैल त्याच दावणीवर वाढलेला.

आबा आवाज न चढवता म्हणाले, ‘पळणारं जनावर टोचावं लागत नाही. टोचल्यावर पळतं ते भ्यालेलं असतं. भ्यालेल्याला पहिला नंबर घ्यायचा का आपण?’

पुतण्या दारात उभा होता. तो रडला. मला तेव्हा अपराध्यासारखं वाटलं, आणि अजूनही कधी कधी वाटतं.

पुढची शर्यत महिन्याभराने होती. मी जावं की नाही कळत नव्हतं. सकाळी सात वाजता त्याचा फोन आला, ‘निघाली का? ऊन व्हायच्या आत ये.’ एवढंच.

मी पोचले तेव्हा बारी जवळ आली होती. जुपणीला सहा-सात पोरं उभी. आपला गडी त्यांच्या समोर जाऊन उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, ‘हात पुढे!’

सर, तुम्हाला आठवतंय? सोमवारी प्रार्थनेनंतर आपली रांग, तुमच्या हातात ती लाकडी पट्टी, ‘हात पुढे!’ आणि आपण सगळे तळवे खाली करून नखं दाखवायचो. नखं वाढलेली असली की पट्टी. याला दर सोमवारी पट्टी बसायची, हे अख्ख्या वर्गाला आठवत असेल. तोच पठ्ठ्या घाटात सरांसारखा रांगेतून फिरत होता, एकेकाचे तळवे उलटसुलट करून बघत होता. बाजूचे लोक हसत होते. पोरं लाजत होती. पुतण्याने स्वतःहून दोन्ही हात पुढे केले आणि बोटं पसरली.

गाडा सुटला. १२ सेकंद ७४. पहिला नंबर गेला, दुसरा पण गेला. घाटात अर्धा सेकंद म्हणजे फार. संध्याकाळी तो मला म्हणाला, ‘तुझ्या फोटोनं मला अर्ध्या सेकंदाला घातलं.’ हसत म्हणाला, पण पूर्ण हसत नव्हता. बक्षिसाची रक्कम त्याला लागत होती, ते मला माहीत होतं.

त्यानंतर सगळे घाट सुधारले असं सांगायला मी उभी नाही. काही घाटांत आता माइकवरून सांगतात, जुपणीवाल्यांनी मोकळ्या हाताने उभं राहायचं. काही ठिकाणी कोणी बघत नाही. आपल्या गड्याची जोडी या वर्षी एकदा पहिली आली, दोनदा मागे राहिली. शर्यती असाव्यात की नसाव्यात, यावर माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. कँटीनमधल्या त्या सहकाऱ्याला मी फोन करून सांगितलं, आता घाट बघितलाय. तो म्हणाला, मग काय ठरलं? मी म्हटलं, बघणं चालू आहे. मला आता एवढंच कळतं की जो जोडीवर मनापासून जीव लावतो, त्यालाच तिच्याबद्दलचं खरं दाखवायला जावं, आणि ते त्याच्या गोठ्यात जाऊन दाखवावं. लांबून दाखवलेलं खरं माणूस भिंतीवर लावत नाही.

हो, तो अख्खा फोटो त्याने भिंतीवर लावलाय. कापलेला परत दिला. गोठ्याच्या दारावर आहे, पोरांना रोज दिसेल असा. त्याचीच प्रत आज मागे अकराव्या नंबरला आहे. बघताना डाव्या कोपऱ्यात बघा. आणि मग बैलाचा डोळा बघा.

संयोजक घड्याळ दाखवतायत. भौतिकशास्त्राच्या प्रयोगात सर लंबकाचे आंदोलन मोजायला लावायचे आणि प्रत्येक गटाचं उत्तर वेगळं यायचं, तसं त्यांचं घड्याळ आणि माझं घड्याळ जुळत नाहीये. संपवते.

आता मैदानात ग्रुप फोटो आहे, तो मीच काढणार आहे. मुलींनो, तुम्ही मागच्या रांगेत लपू नका, पुढे बसा. सगळ्या सर-बाईंना मधल्या खुर्च्या. आणि एक विनंती. मी ‘तीन’ म्हटलं की कोणी हाताची घडी घालायची नाही, खिशात हात घालायचे नाहीत.

सरांनी ‘हात पुढे’ म्हणायचं, आणि आपण सगळ्यांनी तळवे दाखवायचे. मी फोटो मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासणार आहे.